हिरामणच्या वाटणीचा रोट

आबांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही सरळ मागितले असेल, तर ते निदान माझ्या कानांनी एकदाच ऐकले आहे. एरवी तहान लागली तरी ते पाणी मागत नसत. "या माठाले गळती शे का?" असे विचारीत. मग आपण माठापाशी जायचे, गळती नाही हे पाहायचे आणि आलोच आहोत तर तांब्या भरून घ्यायचा. चहा हवा असला की गावातल्या दुधाचा भाव काढीत. उन्हात पाठ भाजू लागली की समोरच्या लिंबाच्या वयाची चौकशी करीत. तुम्हां मुलांना आबा नीट आठवत नसतील. ते तुमच्या आजोबांचे थोरले चुलतभाऊ, शिरपूरजवळच्या आपल्या गावी कापूस लावणारे. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला पांढरी टोपी, आणि बोलताना नजर नेहमी माणसाच्या खांद्यावरून पलीकडे. त्यांच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. तुमच्या आजोबांना त्यांच्याबद्दल बोलणे अजून जमत नाही, म्हणून मीच, तुमची आजी, लिहिते आहे.

आबा स्वतःसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा दोन तास बैलांविषयी बोलून परत निघाले. मुलीच्या वडिलांना बसस्टँडपर्यंत धावत जाऊन विचारावे लागले की, पसंत आहे की नाही. त्यावर आबांनी त्यांच्या गावाला दिवसातून किती एस. टी. येतात ते विचारले, आणि वडिलांनी ते होकार समजून लग्नाची तयारी केली. थोरल्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण द्यायला ते धुळ्याला आमच्या घरी आले. विहिरीच्या मोटारीवर तीन तास बोलले, जेवले, पान खाल्ले आणि निघून गेले. पत्रिका त्यांच्या बंडीच्या खिशात तशीच परत गेली. लग्न आहे हे आम्हांला कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितले. जाता जाता आबा त्याला म्हणाले होते, "त्यास्ले सांगजो, वैशाखमा कोठे जाऊ नका." आम्ही या गोष्टींवर पुष्कळ हसलो आहोत. हसण्यासारखी नसलेली एकच गोष्ट होती. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

आबांना एकच धाकटा भाऊ होता, हिरामण. वडील गेल्यावर शेताच्या वाटणीवरून दोघांत थोडी कुरबूर झाली. भांडण म्हणण्याइतकीही ती नव्हती, पण हिरामणच्या मनाला लागले आणि त्याने सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला जायचे ठरवले. निघण्याच्या सकाळी वळकटी खांद्यावर घेऊन तो अंगणात बराच वेळ उभा राहिला. राहा म्हणतील म्हणून थांबला होता, हे चुलीपाशी बसलेल्या आम्हां बायकांनाही दिसत होते. आबा आदल्या रात्री जेवले नव्हते. त्यांनी दाराशी येऊन विचारले, "गाडीमा जागा भेटी का?" हिरामणला वाटले, मोठ्या भावाला आपण लवकर गेलेले हवे आहोत. तो गेला तो बावीस वर्षे गावी आला नाही.

आपल्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, हे तुम्हांला माहीत आहे. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा आणि सगळ्यांचा मिळून एकत्र रोट करायचा. तो फक्त आपल्या घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. पुरुषांच्याच नावाने का, हा प्रश्न मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारला होता. सासूबाईंनी चाळणी माझ्या हातात दिली. (निशा, तुझ्या नावाची मूठ मी गेली अकरा वर्षे कुणाला न विचारता टाकते आहे. देवीची काही तक्रार आलेली नाही.) जे दूर आहेत त्यांचीही मूठ निघते आणि त्यांचा वाटा घरातल्यांनी संपवायचा असतो. तुम्हां तिघांचा वाटा आजोबा खातात आणि मग मधुमेहाच्या डॉक्टरांशी खोटे बोलतात. हिरामणचा वाटा आबा खात. बावीस वर्षे त्यांनी तो दुसऱ्या कुणाला खाऊ दिला नाही. गूळतुपाचा तो जाड रोट त्यांना अजिबात सोसत नसे, दोन दिवस पोट धरून बसत. विचारले तर म्हणत, हवा खराब आहे.

दोन वर्षांपूर्वी कानबाईचे विसर्जन झाले त्या सोमवारी आबा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, सुरतनं मत्स्यालय चांगलं शे म्हने." आबांना मासे खायलाही आवडत नव्हते आणि पाहायलाही. त्यांच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेला डबा होता. मी यांच्याकडे पाहिले, यांनी माझ्याकडे. यांनी सुरतेतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून हिरामणचा पत्ता मिळवला. मी वही काढून दिवसाचे वेळापत्रक आखले. शहर दाखवणारी बस सकाळी नऊला, किल्ला, मत्स्यालय, जेवण, कापडबाजार, पाच वाजता तापीत बोट. शेवटच्या ओळीत मी फक्त 'मोकळा वेळ' असे लिहिले. पत्ता वहीच्या मागच्या पानावर होता. आबांना तो ठाऊक होता, आम्हांलाही होता, आणि तिघेही दिवसभर मत्स्यालयाविषयी बोलत राहिलो.

त्या दिवशीइतके वाईट प्रेक्षणीय स्थळदर्शन मी आयुष्यात केलेले नाही. आबांनी बसमध्ये डबा वर फळीवर ठेवू दिला नाही. किल्ल्यात मार्गदर्शक हिंदीत इतिहास सांगत होता आणि आबा त्याला विचारत होते की, लूमच्या कामाची पाळी किती वाजता सुटते. मत्स्यालयाच्या दारात पहारेकऱ्याने डबा उघडायला सांगितला. आबा म्हणाले, औषध शे. त्याने वास घेतला आणि म्हणाला, काका, असे औषध आम्हांलाही द्या. सगळी रांग हसली. आबा हसले नाहीत. बाहेरच्याला देता येत नाही, असे त्यांनी त्याला इतक्या गंभीरपणे समजावले की, तो बिचारा बाजूला झाला. आत ते एकाही माशाकडे न पाहता बाकावर बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणावे तसे म्हटले की, पाऊण तास आहे, रिक्षाने कुठे जाऊन येता येईल. त्यावर आबांना एकाएकी कापडबाजार पाहायचा उत्साह आला. तिथे त्यांनी एका दुकानात बावीस साड्या उलगडायला लावल्या आणि घेतली नाही एकही.

बोटीच्या तिकिटाला मात्र ते खरोखर बिघडले. तापी आपल्या शेतापासून कोसावर, आणि तिच्यात बसायला इथे तिकीट काढायचे! तुमच्या आजोबांनी त्यांना जवळजवळ ढकलूनच बोटीत बसवले. आठवडाभर पाऊस उघडला होता, पाणी गढूळ पण शांत होते. बोटीत कुणी फोटो काढत होते, लहान मुले ओरडत होती. आबा एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने डबा धरून पाण्याकडे पाहत होते. मध्यावर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "हाई आपलंच पानी शे. याले कोन बलावस? तरी येस." धक्क्यावर उतरल्याबरोबर मी रिक्षा थांबवली, वहीचे मागचे पान उघडले आणि रिक्षावाल्याला पत्ता वाचून दाखवला. आबांनी विचारले नाही की, कुठे चाललो आहोत.

हिरामणचे घर दोन खोल्यांचे, भिंतीपलीकडे लूमचा आवाज. दार त्यानेच उघडले. केस पिकलेले, पण चेहरा आबांचाच. तो आधी माझ्या आणि यांच्या पाया पडला, मग आबांच्या. बसा म्हणाला, बायकोला चहा ठेवायला सांगितला. सुरतेत पाऊस कसा आहे, गावी कसा आहे, कपाशीवर या वर्षी काय पडले आहे, हे सगळे बोलून झाले. आबा मान हलवत होते, पण नजर कोनाड्यात होती. तिथे तांबड्या कापडात बांधलेला कानबाईचा नारळ होता, नथ आणि हिरव्या बांगड्यांसकट.

"तू बी बसाडस का?" आबांनी विचारले.

"दहा वरीस व्हई ग्यात," हिरामण म्हणाला.

घर वेगळे, कानबाई वेगळी, म्हणजे रोटही वेगळा. ज्याच्या वाट्याचा रोट आबा पोट बिघडवून घेत खात आले, तो आपल्या घरी आपला रोट खात होता. आबांनी डब्यावरचा हात काढला नाही. मग त्यांनी हिरामणच्या खांद्यापलीकडे न बघता थेट त्याच्या डोळ्यांत पाहिले.

"मना नावनी मूठ लेस का रे तू?"

पलीकडचा लूम चालूच होता. हिरामण घेत नव्हता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि असे कुणी विचारील हे त्याच्या मनातही कधी आले नसावे, हेही दिसत होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, चहा ल्या. थंडा व्हई जाई."

आम्ही चहा घेतला. निघताना हिरामण रिक्षापर्यंत आला. त्याला काहीतरी म्हणायचे होते, पण घराण्याचा गुण तोच. त्याने रिक्षावाल्याला सांगितले, सावकाश ने. बसस्टँडवर आबांनी डबा उघडला, रोटाचे तीन तुकडे केले, आणि हिरामणचा वाटा पहिल्यांदाच आम्हां दोघांना दिला. आम्ही तिघांनी तो धुळ्याच्या गाडीची वाट पाहत उभ्यानेच खाल्ला. त्या दिवसाविषयी आबा नंतर एवढेच सांगत की, मत्स्यालय ठीक आहे, पण इतक्या लांब जाण्यासारखे नाही.

पुढच्या माघात आबा झोपेतच गेले. हिरामण दहाव्याला आला, खाली मान घालून बसला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. घरात दुःख होते म्हणून त्या श्रावणात आम्ही कानबाई बसवली नाही. यंदा बसवली. शुक्रवारी दुपारी मी आणि आबांची सून गहू काढायला बसलो होतो, तोच हिरामण दोन्ही मुलांना घेऊन दारात उभा राहिला. आम्ही बोलावले नव्हते. हातपाय धुऊन तो आमच्याजवळ जमिनीवर बसला. सून एकेक नाव घेत होती आणि मी मुठी टाकत होते. हिरामणचे नाव झाले, त्याच्या मुलांची झाली, तुमची झाली. मी सूप उचलायला लागले तेव्हा त्याने माझा हात धरला.

"वहिनी, भाऊनी मूठ ऱ्हायनी," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच गव्हात हात घातला.

गेलेल्या माणसाच्या नावाने मूठ काढत नाहीत, हे त्याला कुणीतरी सांगणे भाग होते. मी सांगितले. त्याने मान हलवली, पण मूठ उघडली नाही. गहू बोटांच्या फटींतून एकेक दाणा खाली पडत होता, आणि आम्ही दोघी सूप तिथेच धरून बसून राहिलो.