साडूंनी सांगितलेला मिक्सर

गेल्या चैत्रातल्या एका शनिवारी सकाळी, पळसदेवला माझ्या साडूंच्या पडवीत पन्नास हजार रुपयांचा व्यवहार तोंडी ठरला. हजर होतो आम्ही पाच जण: साडू, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी आक्का, माझी बायको, मी आणि पुण्याच्या एका मिक्सर कंपनीकडून आलेल्या मॅडम. साडूंनी आपल्या चॅनेलवर त्यांच्या मिक्सरची जाहिरात करायची होती. रक्कम ऐकून माझी बायको चहा सांडायची राहिली, पण मला ती गैर वाटली नाही. डोळ्यांना दिसणारी वस्तू तोंडाने सांगण्यात साडूंचा हात धरील असा माणूस उजनीच्या दोन्ही काठांवर नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

एके काळी हाच माणूस मुका वाटावा इतका गप्प होता. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही तीन दिवस त्यांच्याकडे राहिलो, तेव्हा ते माझ्याशी "बसा" आणि "निघाला व्हय?" एवढेच बोलले. बोलायला पैसे पडतात अशी त्यांची समजूत असावी. पेरूची बाग, थोडी केळी, दोन म्हशी आणि संध्याकाळी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसणे, यात त्यांचा दिवस जाई. आक्का बोलत आणि ते ऐकत. निदान ऐकत असावेत असे आम्ही धरून चालत असू. मग मधुमेहाने आक्कांची नजर गेली. उपचारासाठी त्या आमच्याकडे बारामतीला येऊन राहिल्या. साडू मागे एकटे. त्यांच्या मुलीने त्यांना फोनचे एकच बटण शिकवले होते, ते व्हिडिओचे. त्यामुळे नजर गेलेल्या बायकोला रोज व्हिडिओ पाठवणारा हा जगातला पहिला नवरा ठरला. पहिला व्हिडिओ पाठवल्यावर बहुधा त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण दुसऱ्यापासून ते बोलू लागले. ते अजून थांबलेले नाहीत.

नुसता "हिरवा" म्हणून त्यांचे कधी समाधान होत नाही. "आगं, पेरू हिरवा न्हाय आन् पिवळाबी न्हाय. तू ती साडी बोहारणीला दिली नव्हं, तिच्या काठाच्या आतल्या बाजूसारखा हाय." आक्का आमच्या स्वयंपाकघरात बसून हे ऐकत आणि म्हणत, "साडी तवा नजरंला पडली व्हय? नेसत हुते तवा एक सबूद काडला न्हाय." त्यांच्या मुलीने हे व्हिडिओ दोघांना विचारून, चॅनेल काढून सगळ्यांसाठी खुले केले आणि बघता बघता ऐकणाऱ्यांची संख्या लाखावर गेली. त्यात डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसे पुष्कळ. नाशिककडच्या एका अंध शिक्षकांनी तर आवाजी निरोप पाठवून तक्रार केली, "काका, कालचा सूर्यास्त जरा घाईत उरकलात." साडूंनी दुसऱ्या दिवशी मनापासून माफी मागून सूर्यास्त पुन्हा सांगितला.

आक्का परत पळसदेवला आल्या, तरी हे थांबले नाही. शेळगावच्या एका लग्नात ते त्यांच्या शेजारी बसून असेच सांगत होते. आवाज हळू करणे त्यांना जमत नाही. "नवऱ्याची आत्या आली बग. जांभळं पातळ, काठ मोठा, तोंड पडल्यालं. मानपानात कायतरी कमी पडलं वाटतं." आत्या दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. पुढचा अर्धा तास साडू जेवणाच्या पंगतीतही दिसले नाहीत.

जाहिरातींत ते याहून अवघड. इतर लोक पैसे घेतल्याचे कुठे तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितात. साडू सुरुवातच त्याने करतात. "ह्याचं मला पैसं मिळाल्यात, ते ध्यानात धरून आईका." मग वस्तूचा आकार, रंग, वजन, वास आणि शेवटी खोट. एका फवारणी पंपाबद्दल म्हणाले, "पंप ब्येस हाय. पर पट्टा आखूड करायची सोय न्हाय. बायांच्या खांद्यावरनं घसरतो. आमच्याकडं फवारनी बायाबी करत्यात, कंपनीला कुनी सांगितलं न्हाय वाटतं." कंपनीवाले आधी चिडले. पुढच्या मालाला मात्र पट्टा आखूड करायचे बक्कल आले.

तर मिक्सरच्या मॅडम. मुलगी हुशार आणि मनाने चांगली होती. आमची जाहिरात सगळ्यांना सामावून घेणारी असेल, असे ती दोन-तीनदा म्हणाली. चित्रीकरणाला कॅमेरेवाले आले तेव्हा त्यांनी आक्कांना खिडकीशी बसवले आणि काळा चष्मा घातला. साडूंनी मागे उभे राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि बोलायचे नाही.

"बोलायचं न्हाय?" साडूंनी विचारले.

"नाही काका. तुमचे डोळेच बोलतील."

"हिला कसं आईकू जायचं ते?"

मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

पंधरा दिवसांनी तयार फिल्म घेऊन त्या पुन्हा आल्या. आम्ही पुन्हा तेच पाच जण बसलो. मॅडमनी लॅपटॉप आक्कांच्या पुढ्यात ठेवला. बासरी वाजू लागली. फिल्म खरोखर देखणी होती: खिडकीतून येणारे ऊन, आक्कांचा हात, साडूंचा हात, शेवटी पांढराशुभ्र मिक्सर आणि कंपनीचे नाव. माझ्या बायकोने पदराने डोळे टिपले. बासरी थांबली.

"कवा सुरू हुयाचं?" आक्का म्हणाल्या.

"संपली, आक्का," मी म्हणालो.

"संपली? आन् मग इकायचं काय हाय?"

आक्कांनी लॅपटॉपच्या दिशेने मान वळवली. "मिक्सर म्हनला हुता ना? त्याचा आवाजबी काडून टाकला व्हय? मिक्सर म्हनून वळकायचा कसा आमी?"

मॅडम म्हणाल्या, "पण आजी, ही तुमच्यावरच तर आहे."

"माझ्यावर हाय, पर माझ्यासाठी न्हाय. आन् तो चष्मा कशापायी? म्या कवा घातला चष्मा? बगनाऱ्याला वाटंल बिचारी हाय."

"बिचारी!" साडू उसळले. "सकाळधरनं माझ्यावर वरडती ही!"

नंतर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे माझ्या मानसांना न्हाय आईकवता यायचं. ती माझ्या जिभंवर इस्वास ठेवून बसल्यात. त्यांना निस्ती बासरी देऊ? तुमचा पैका राहू द्या."

रक्कम मोठी होती आणि त्याच महिन्यात त्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली होती, हे मला ठाऊक होते. आक्कांनाही ठाऊक होते. त्यांनी साडूंना अडवले नाही.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी आक्कांना विचारले, "आजी, तुम्ही कशी केली असती?"

"ह्यांना बोलू द्या. मिक्सर माझ्या हातात द्या. आन् तुमी चा प्या."

तसेच झाले. एका दमात, चुलीपुढच्या पाटावर. आक्कांनी खटका फिरवला, पहिल्या टप्प्याची, दुसऱ्या टप्प्याची टकटक ऐकवली, शेंगदाण्याचे कूट केले, चाखून "जाडंभरडं" म्हणाल्या. साडूंनी रंग सांगितला: पांढरा, पण दुधासारखा नव्हे, ताकासारखा. खोटही सांगितली की भांड्यावरच्या खुणा नुसत्या छापलेल्या आहेत, बोटाला लागत नाहीत. कंपनीच्या साहेबांना हे सहजासहजी पटले नाही. मॅडम तिकडे भांडल्या. शेवटी व्हिडिओ जसा होता तसा घेतला, पण फी निम्मी झाली.

व्हिडिओ केला त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही चौघे पाण्याच्या कडेला बसलो. पाणी खूप खाली गेले होते, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचे शिखर आणि त्याखालचे दगडी खांब उघडे पडले होते. साडूंनी घसा साफ केला. आक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आज काय सांगू नका."

"का गं?"

"दिसत हुतं तवा तुमी गप बसायचा. म्या देऊळ बगायची आन् तुमी नुसतं बाजूला असायचा. आता बोलता, तर दिसत न्हाय. दोनी एका टायमाला कवा घावलंच न्हाय बगा. आज घडीभर आदीसारखं बसा."

साडू बसले. मासे धरायला गेलेली होडी परत येत होती, शिखरावर एक बगळा होता, ऊन विटेच्या रंगाचे झाले, मग त्याहून गडद. त्या गडद रंगाला काय म्हणायचे ते एकट्या साडूंना ठाऊक होते. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. आक्का पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या, अगदी बघत असल्यासारख्या.

पैसे कोणाच्या नावे पाठवायचे, असे मॅडमनी फोनवर विचारले तेव्हा साडू म्हणाले, "हिच्या. मी हिलाच सांगत असतो. बाकीची मधनं आईकत्यात." त्याप्रमाणे कंपनीने पंचवीस हजार रुपये दिले. ते आक्कांच्या खात्यावर, इंदापूरच्या शाखेत जमा झाले.