आवक, जावक, पाहुणे

संपादकांनी आमच्या लाइनीत कुणाचं कधी वाईट चिंतलं नाही. ते नुसतं लिहीत. पण लिहीत ते इतकं खरं असे, की त्यापेक्षा या माणसानं दारात उभं राहून चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं, असं वाचणाऱ्याला वाटावं. लाइनीतल्या बायका त्यांना समोर ‘काका’ म्हणत, पाठीमागे ‘संपादक’ म्हणत, आणि दार लावून घेतल्यावर काय म्हणत ते मी इथं लिहीत नाही.

जबलपुरातल्या गोरखपुर भागात, बाजारामागे, आमची ही लाइन आहे. समोरासमोर घरं, मध्ये रस्ता, तोंडाशी लोखंडी फाटक. बहुतेक घरं नागपूर-वर्ध्याकडची, आजोबा-पणजोबांच्या नोकऱ्यांमागे जबलपुरात आलेली आणि इथंच मुरलेली. फाटकाच्या आतल्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा आहे. संपादक वर्षातून तीनदा तो लिहीत: पाडव्याला उन्हाळ्याचा, वटपौर्णिमेला पावसाळ्याचा, तुळशीच्या लग्नाला हिवाळ्याचा. वरच्या भागात हंगामाच्या सूचना. नळ कधी येईल, नाली कोण साफ करणार, बरगी धरणाचं पाणी सोडलं की नर्मदेच्या घाटावर पोरांना पाठवू नये, मटार अजून महाग आहे, घाई करू नये. खालच्या भागात तीन रकाने: आवक, जावक, पाहुणे.

हे रकाने त्यांच्या नोकरीतून आले होते. एका सरकारी कचेरीत ते जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसले. निवृत्त झाल्यावर कागद संपले आणि आम्ही सुरू झालो. नवी सून, नवं बाळ, नवा भाडेकरू हे सगळे आवकमध्ये. बदली झालेले, घर विकून गेलेले आणि मेलेले जावकमध्ये, एकाखाली एक. बदली आणि मरण यांत ते फरक करत नसत. परत जाण्यासाठी जे आले ते पाहुणे. पाहुणे गेले की त्याची नोंद होत नसे.

अक्षर मात्र असं, की खडूनं लिहिलंय यावर विश्वास बसू नये. त्या सुरेख अक्षरात ते लिहीत, ‘नळाला मोटर लावून दुसऱ्याचं पाणी ओढणारे कोण, हे सर्वांस ठाऊक आहे: घर क्रमांक सात.’ दोन नंबरचे आजोबा गेले तेव्हा जावकमध्ये नावापुढे लिहिलं, ‘मुलांनी यांना गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवले होते. मे महिना होता.’ मुलगे काठ्या घेऊन आले. संपादक खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. “खोटं असेल तर सांगा, आत्ता पुसतो,” एवढंच म्हणाले. मुलगे परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात लाइनीतल्या आणखी दोन घरांतले म्हातारे गुपचूप वरून खाली आले, कूलरच्या खोलीत.

माझा भाऊ बारावीत दुसऱ्यांदा नापास झाला तेही फळ्यावर आलं. आईनं आठवडाभर फाटकाकडे जाणं सोडलं. भाऊ फळ्यावर शेण फेकायला निघाला होता. तेवढ्यात संपादक स्वतःच स्कूटर घेऊन दारात आले आणि त्याला म्हणाले, बस मागे. पुढचं वर्षभर ते त्याला रोज नेपियर टाउनच्या क्लासला पोचवत आणि बाहेर टपरीवर बसून राहत, पळून जाऊ नये म्हणून. वर्षाअखेर भाऊ पास झाला. ते फळ्यावर आलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “पास तर सगळेच होतात बेटा. त्यात बातमी काय?”

असा माणूस. त्यांच्यावर माया करणं म्हणजे बाभळीला टेकून बसणं. तरी मी टेकत होते, कारण त्यांची मुलगी वैशाली माझी मैत्रीण होती, आणि त्यांच्या घरी मला दुसऱ्या मुलीसारखं वागवत. काकू, म्हणजे त्यांची बायको, फार बोलत नसत. हिवाळ्यात ओसरीत मटार सोलत बसायच्या आणि नवऱ्यानं कुणाबद्दल काय लिहिलं हे शेजारणींच्या तोंडावरून ओळखायच्या.

त्यांचा एक नियम होता. फळ्यावर आलेलं खोटं निघालं तर लगेच पुसायचं. पण खरं असेल तर ऋतू बदलल्याशिवाय एक अक्षर हलवायचं नाही, मग कुणी पाया पडो की डोकं फोडो.

पाया पडायला आल्या त्या शोभाताईच्या आई. शोभाताई दहा नंबरची. नवऱ्याचं दुसरीकडे घर आहे असं कळल्यावर ती पोराला घेऊन कायमची परत आली. तिच्या आईचं म्हणणं एवढंच, की तिला पाहुण्यांत लिहा. चार महिने पाहुणी म्हणून खपवू, पुढचं पुढं. त्या माउलीनं खरंच संपादकांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिथंच होते. संपादकांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, “पाहुणा तो, जो परत जाते. तुमची पोरगी परत जाणार आहे का? नाही नं? मग ती इथली आहे.” आणि लिहिलं: ‘आवक: शोभा व मुलगा, घर क्रमांक दहा. कायम.’

त्या ‘कायम’नं लाइन हादरली. बायकांनी त्या वर्षी शोभाताईला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पण एक झालं. तिच्या भावाच्या मनात तिला परत धाडायचं घाटत होतं, ते तिथंच थांबलं. फळ्यावर ‘कायम’ लिहिल्यावर धाडणार कुठे? शोभाताई आज एका दवाखान्यात काउंटरवर बसते, पोरगा इंजिनिअरिंगला आहे. ती मला एकदा म्हणाली, “त्या दिवशी खूप रडली मी. मग वाटलं, चलो, झालं एकदाचं, आणि भांडी घासायला बसली.”

वैशालीचं लग्न रायपूरला झालं होतं. सासर पैसेवाले, नवरा दिसायला चांगला. एका हिवाळ्याच्या तोंडाशी ती एकटीच आली, डाव्या हाताला प्लास्टर. बाथरूममध्ये घसरली असं तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि रात्री मला आणि काकूंना खरं सांगितलं. काकूंनी ते संपादकांना सांगितलं. तिला परत जायचं नव्हतं. ती तेवढंच म्हणत होती, मला इथं राहू द्या.

तुळशीचं लग्न जवळ आलं. लाइनीला दुसरा विषय नव्हता. एवढी वर्षं दुसऱ्यांची लक्तरं खडूनं रंगवणारा माणूस आता स्वतःची कुठे वाळत घालतो, हे बघायला लोक टपून बसले होते. नव्यानं राहायला आलेले बँकेतले, कॉलेजातले लोकसुद्धा. त्यांच्यासाठी फळा ही करमणूक होती, दर हंगामाला त्याचा फोटो लाइनीच्या मोबाइल ग्रुपवर पडायचा. मला त्या लोकांची तेव्हा किळस आली होती, अजून येते. पण खरं सांगायचं तर वैशालीसुद्धा वाट पाहत होती. बाप तोंडानं काही बोलत नव्हता, रोज तिच्यासाठी खोवा-जिलेबी आणत होता. तो काय ठरवतोय हे तिला फळ्यावरूनच कळणार होतं.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी ती दूध आणायला गेली आणि वाचून आली. ‘पाहुणे: सौ. वैशाली, रायपूर. प्रकृती सुधारण्यासाठी काही दिवस.’

संपादकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची दया केली होती. मुलीचं नाव खराब होऊ नये म्हणून त्यांनी खोटं लिहिलं, आणि ते त्यांच्या दृष्टीनं प्रेम होतं, यात मला शंका नाही. वैशालीनं दुधाची पिशवी खाली ठेवली.

“बाबा, शोभाताईला तुम्ही आवकमध्ये लिहिलं. मला काहून नाही?”

“तुझ्यासाठीच लिहिलं बेटा. लोकं काय काय बोलून राहिले.”

“शोभाताई तिच्या घरात आहे,” ती म्हणाली आणि आत गेली.

फळ्याचा फोटो ग्रुपवर पडला. तिथून लाइनीतल्या कुणीतरी तो रायपूरला पाठवला. कोणी, ते आजवर कळलं नाही. ज्याच्यावर संपादकांनी लिहिलं नव्हतं असं घरच लाइनीत नाही, त्यामुळे संशय तरी कुणाकुणाचा घ्यायचा?

पुढच्या रविवारी जावई आला. काकूंनी मला बोलावून घेतलं होतं. तो छान बोलला, वाकून नमस्कार केला, चहा घेतला, मटाराची कचोरी मागून घेतली. मग मोबाइल काढून संपादकांसमोर धरला. “बाबा, तुम्हीच तर लिहिलं आहे नं, पाहुणी म्हणून. चलो, झाला पाहुणचार. न्यायला आलो.”

एक वाक्य पुरलं असतं. ती जाणार नाही, एवढं म्हणायचं होतं. वैशाली बापाकडे बघत होती, काकू बघत होत्या, मी बघत होते. संपादक उठले आणि फाटकाकडे गेले. मला वाटलं, पुसायला गेले. खिडकीतून दिसत होतं, ते फळ्यासमोर उभे होते, हातात ओलं फडकंसुद्धा होतं. पुसलं असतं तर आपण खोटं लिहिलं हे कबूल झालं असतं, भर रविवारी, सगळ्या लाइनीदेखत. ते परत आले, फडकं ओसरीच्या कठड्यावर टाकलं आणि वैशालीला हळूच म्हणाले, “पाडव्यापर्यंत सांभाळून घे बेटा. पाडव्याला बदलतो.”

वैशाली हसली. ते हसणं मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. मग तिनं आत जाऊन बॅग भरली. मी मागे गेले, माझ्याकडे राहा म्हटलं, पोलिसांत जाऊ म्हटलं. ती म्हणाली, “बापानं ठेवलं नाही, तू कुठे ठेवशील?”

संपादकांनी शब्द पाळला. पाडव्याला फळ्यावर आलं: ‘आवक: वैशाली, घर क्रमांक चार. कायम.’ सौ. नाही, रायपूर नाही. आणि वैशाली लाइनीत कुठेच नव्हती.

लोकांना आणखी काय पाहिजे? ग्रुपवर कुणी विचारलं, कौन सी वैशाली, हमें तो दिखी नहीं. त्याखाली हसणारे चेहरे. पोरं चार नंबरच्या दारात जाऊन ‘वैशूदीदी है क्या’ विचारून पळायची. संपादकांनी नळाची वेळ लिहिली तर लोक म्हणायचे, हेही वैशालीसारखंच असेल, आणि महापालिकेत फोन लावायचे. सात नंबरवाला, तोच मोटरवाला, एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, काका, खोटं असेल तर पुसतो म्हणत होते नं तुम्ही? “खोटं नाही,” संपादक म्हणाले. “उशीर होऊन राहिला, बस.”

ते रोज रायपूरला फोन करत. उचलला जात नसे. एकदा जायला निघाले, तिकीट काढलं, आणि तिथं तिच्या सासरच्या दारातूनच त्यांना परत पाठवलं गेलं. वटपौर्णिमेला पावसाळ्याचा फळा लिहिला, त्यातही तेच नाव, तोच रकाना. त्या पावसानं सगळा फळा धुऊन नेला. नाल्या, सूचना, दुसऱ्यांची बाळं, दुसऱ्यांचे भाडेकरू सगळं वाहून गेलं. पण वैशालीचं नाव राहिलं, कारण ते रोज सकाळी छत्री घेऊन जात आणि ती एक ओळ पुन्हा गिरवत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. दोन्ही एकाच वेळी होतं, हे त्यांच्यामुळेच मला कळलं.

नवरात्राआधी एका सकाळी ते ओसरीतच गेले. वैशालीला कळवलं. ती पोचली तेव्हा त्यांना घाटावर नेऊन झालं होतं. जावई गाडीतच बसून राहिला, फाटकाबाहेर, इंजिन चालू ठेवून. वैशाली काकूंजवळ थोडा वेळ बसली. आमच्याकडून पिठलं-भात आणला होता, तिनं हात लावला नाही. मग उठली. मी तिला सोडायला फाटकापर्यंत गेले आणि सारखं तेच म्हणत होते, की आता जाऊ नको, काकू एकट्या आहेत, शोभाताई आहे, मी आहे. तिचं लक्ष नव्हतं. ती फळ्यासमोर थांबली होती. एवढ्या मोठ्या काळ्या भिंतीवर एकच ओळ होती, तिची.

मला वाटलं, आता रडेल, आणि रडली तर राहील. तिनं रुमाल नळाखाली धरून ओला केला आणि नाव पुसायला लागली. खडू इतक्यांदा गिरवलेला होता की जात नव्हता. ती जोरानं घासत होती.

“काहून पुसते वैशू? त्यांनी रोज गिरवलं ते.”

“माहीत आहे,” ती हात न थांबवता म्हणाली. “पाडव्याला याचा फोटो रायपूरला आला, वटपौर्णिमेला आला. दर फोटोला घरात काय झालं ते तुला सांगत नाही. आता तो गाडीतून उतरायच्या आत पुसू दे.”

बाहेर हॉर्न वाजला. ओळ गेली होती. तिचा हात मनगटापर्यंत पांढरा झाला होता. तो तिनं पदरात गुंडाळून घेतला आणि गाडीत जाऊन बसली. मी फाटक लावून परत आले तर काकू ओसरीत ताट वाढून बसल्या होत्या. वैशू जेवून जाईल नं, असं त्यांनी मला विचारलं.