दोघी जावांचं एकच लुगडं

मैत्रिणींनो, दुपारपासून कशातच मन लागेना, म्हणून इथं लिहितेय.

सकाळी कपाट आवरलं. एकमेकांवर जुळतील असे मोजकेच कपडे ठेवले. ते ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात ना, तसं. हौसेनं शेजारच्या काशीमावशींना दाखवायला बोलावलं. मावशींनी नव्वदी ओलांडलीय, लुगडीही मोजकीच, पण नेसणं अजून लय नीटनेटकं.

“मावशी, कमी कपड्यांत इतकं छान कसं राहता?”

“आमच्या थोरल्या जाऊबाईनं शिकवलं,” त्या म्हणाल्या. “निजामाचं राज्य होतं, तिकडं सातासमुद्रापार मोठी लढाई चालू. कापडच मिळंना. सासरी बोरीला आमा दोघींत एकच धड लुगडं. ती लग्नाला गेली की मी घरी. मी जायची तवा ती निऱ्या अशा घालून द्यायची, की बाया बघतच राहायच्या.”

“मग?”

“तापानं गेली ती. ते लुगडं तिलाच नेसवलं. माज्या अंगावर निसतं फाटकं. चार माणसांत कशी येऊ? दारामागूनच तिला जाताना बघितलं. बाया म्हणल्या, धाकटी बाहीर सुदीक आली न्हाई.”

मावशी पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडल्या. इतक्या वर्षांनी. मी त्यांचा हात धरून बसले.

तुमच्या घरातही असं कुणी दारामागं थांबलं असेल का गं? कधी विचारलंय?