साडभाऊंची गिटार

आमच्या साडभाऊंइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहायला आंधळगावला. हातात घेतलेलं काम त्यांनी कधी सोडलं नाही आणि कधी संपवलंही नाही. एकदा घराच्या दाराला रंग द्यायला घेतला, तर तो मनासारखा बसेपर्यंत दार अंगणातल्या आंब्याला टेकून उभं होतं आणि आमच्या ताई उंबऱ्यात काठी घेऊन कुत्री हाकलत होत्या. अशा माणसाच्या डोक्यात सत्तरचं दशक सरता सरता इलेक्ट्रिक गिटार शिरली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि नाटकाशिवाय मंडई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. या नाटकाला साडभाऊ वर्षानुवर्षं पेटी वाजवत. पण गावातल्या पोरांना आता गिटार हवी होती, नाहीतर ती नागपूरहून वाजवणारे आणणार होती. म्हणजे साडभाऊंची स्टेजशेजारची जागा गेली. वर्षातून एकदा सगळा गाव त्यांच्याकडे बघायचा तो तिथेच. त्यांनी जुन्या बाजारातून मोडक्या गिटारीची दांडी आणली आणि धड आपणच घडवतो म्हणून शिवणीची फळी काढली. शिवण हलकी असते, आवाज धरते, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शिवणीचं झाड दिसलं तरी माझं डोकं दुखायचं.

कापणं-कोरणं एका उन्हाळ्यात उरकलं. मग पॉलिश सुरू झालं आणि माझे हाल सुरू झाले. रविवारी सायकल टेकवतो न टेकवतो तोच हातात पॉलिश पेपर यायचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, धोतराच्या चिंधीने लावायचा, वाळला की फळी उन्हात तिरपी धरायची आणि काही सापडलं की सगळं घासून पहिल्यापासून. सापडायचंच. कधी माशीचा पाय, कधी माझा केस. केस सापडला तेव्हापासून मला टोपी घालून यायचं फर्मान निघालं. धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत कोंडा उडतो म्हणून मच्छरदाणीत गिटार झोपायची आणि साडभाऊ बाहेर डासांत. अशा दोन मंडया निघून गेल्या. घासून घासून फळी निम्मी झाली, मी त्याहून जास्त झिजलो. शेवटी पोरांनी बजावलं की यंदा गिटार दिसली नाही तर नागपूरची माणसं येणार.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडे होतो. पॉलिशचा शेवटचा हात आदल्या दिवशी बसला होता, पण ढगाळ हवेने तो वाळलाच नव्हता. साडभाऊ आंघोळीला गेलेले. ताईंनी विळा, कुऱ्हाड, रंधा, पटाशी मांडून पूजा केली आणि त्यांच्या रांगेत गिटारीलाही हळदकुंकू लावून वर अक्षता टाकल्या. साडभाऊ येऊन बघतात तो कुंकू पॉलिशमध्ये उतरलेलं आणि तांदूळ रुतून बसलेले. त्यांनी पॉलिश पेपर उचलला. मीही सवयीने बाह्या सरसावल्या.

ताईंनी त्यांचा हात धरला. "पूजेचं कुंकू घासून काढता काय? अवजार झालं थे आता. वाजवा."

साडभाऊंनी पॉलिश पेपर खाली ठेवला. माशीचा पाय काढणं वेगळं आणि पूजेचं कुंकू काढणं वेगळं, एवढं त्यांनाही कळत होतं. मंडईत त्यांनी गिटार जुन्या रेडिओला जोडून वाजवली. मधूनमधून खरखर व्हायची, पण लोकांनी पुन्हा वाजवायला लावली. त्यांची जागा राहिली आणि मी सुटलो.

त्यानंतर साडभाऊ ओसरीवर नुसते बसून राहू लागले. मंडई आली की गिटार खुंटीवरून काढायची, वाजवायची, परत टांगायची. नवीन काही हातात धरेनात. मला कधी बोलावणं नाही. एका रविवारी मीच गेलो, तर ताईंनी मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "बापू, त्यायले म्हना न, पॉलिश बिघडलं म्हून. घर कसं सुनं सुनं लागून राहिलं."

मी गिटार उतरवली, उन्हात तिरपी धरली आणि इथे जरा खरबरीत लागतंय, असं म्हटलं. साडभाऊंनी तिथे अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग गिटार माझ्या हातात परत दिली.

"नाही भाऊ," ते म्हणाले. "झाली आता."

हेच शब्द ऐकायला मी दोन वर्षं आसुसलो होतो. त्या दिवशी मात्र ते ऐकवले नाहीत.