क्रूसाजवळचा दुसरा सूर

पक्षाघातातून उठलो तेव्हा चालणं आणि बोलणं परत आलं, पण डाव्या हाताची बोटं वळेनात. लग्नाआधीपासून मी मालवणजवळच्या आमच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत होतो. ते आता बंद झालं. सगळे म्हणत, प्रार्थना कर, पूर्ण बरा होशील. मीही बोटंच मागत होतो. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचो आणि शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचो. ते गाणं व्हायोलिनशिवाय ऐकवत नसे.

मे महिन्यात आमच्या वाडीत क्रूसाजवळ संध्याकाळी जमून सायबिणीची, म्हणजे येशूच्या आईची, प्रार्थना गातात. तिला आम्ही लदीन म्हणतो. ती चालवणारी शेजारची मावशी आदल्या दिवशी घरी आली. तिला दम्याचा त्रास, तरी आवाज असा की समुद्रावर ऐकू जावा. यंदा तिच्याबरोबर खालचा सूर धरायला कोणी नाही, तो मी धरावा, असं तिचं म्हणणं. मी हाताकडे बोट दाखवलं.

ती म्हणाली, "हात रुसलो हा, रे. गळो खंय रुसलो?"

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला. तो घालून मी तिच्यासोबत गेलो.

क्रूसाला अबोलीचे वळेसर घातले होते. त्यातले निम्मे पलीकडच्या हिंदू घरांतून आलेले. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या आणि कोणीतरी पुन्हा पुन्हा पेटवत होतं. मावशीने सुरुवात केली, मी खालून सूर लावला. आवाज आधी घोगरा निघाला, मग जागेवर आला. इतका जागेवर आला की मला चेव चढला, आणि संपलेलं कडवं मी पुन्हा सुरू केलं. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तीही त्याच कडव्याकडे वळली. तिच्यामागून अख्खी वाडी वळली. सगळ्यांनी ते कडवं भक्तिभावाने पुन्हा म्हटलं.

संपल्यावर मी ओशाळून उभा होतो. उकडलेल्या चण्यांचा द्रोण माझ्या हातात देत मावशी म्हणाली, "बरा झाला. सायबिणीन आज आमचा गाऱ्हाणा दोनदा ऐकल्यान."

आधी बायको हसली, मग सगळे, आणि मग मी. आजारपणानंतर असा पोटातून हसलोच नव्हतो. हसताना चणे सांडले, ते कोंबड्यांनी वेचले. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

बोटं अजून तशीच आहेत. पण पूर्ण होणं म्हणजे सगळं जिथल्या तिथे परत येणं, हा हट्ट माझ्याकडून कधी सुटला ते कळलं नाही. शनिवारी चर्चमधल्या पोरींना मी खालचा सूर शिकवतो. त्या हळू गातात, मी ओरडतो, मग त्या मुद्दाम आणखी हळू गातात. बायकोची तक्रार वेगळीच आहे. घरी कुकरची शिट्टी झाली की मी तिच्याखाली सूर लावतो, त्यामुळे बायकोचं शिट्ट्या मोजणं चुकतं आणि भात लागतो.