सायलेन्सरच्या धगीवरचा गारवा

समस्त वाचकांनी कृपया तोंडातला खर्रा थुंकून यावे आणि ताठ बसावे, कारण पुढील मजकूर राष्ट्रीय महत्त्वाचा आहे. आमच्या पवनी तालुक्यात गाडीच्या धुरावर थंडी तयार झाली होती. मी स्वतः त्या थंडीत हात घातला आहे आणि बोटं आखडल्यावर ओरडलोही आहे.

हा पराक्रम माझ्या साळ्याचा. चिखल्याच्या खाणीवरचे ट्रक दुरुस्त करण्यात त्याची अर्धी उमर गेली, आणि तापलेल्या सायलेन्सरनं हात पोळून घेता घेता त्याला वाटलं, ही एवढी धग हवेत कायले सोडायची? नागपूरच्या एका प्राध्यापकानं त्याला नळ्यांचं काम करून दिलं. सायलेन्सरच्या धगीवर अमोनियाचं पाणी उकळायचं. अमोनियाची वाफ वर जाऊन निवते, पातळ होते, आणि मागच्या डब्याभोवतीच्या नळ्यांत परत वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती डब्यातून ओढली जाते. डबा गार. वेगळं इंजिन नाही, जास्तीचं डिझेल नाही. अट एकच, गाडी पळत राहिली पाहिजे. उभ्या गाडीच्या धुरात ती धग नसते.

या गाडीवर जीव टांगला होता मावशीचा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर झिंगे धरणाऱ्या बायकांच्या गटाची ती म्होरकी. सारा तालुका तिला मावशीच म्हणतो. माल टिकत नाही म्हणून काठावरचा दलाल म्हणेल त्या भावात तिला तो द्यावा लागे. आता नागपूरचा एक व्यापारी म्हणाला होता, बर्फाच्या पाण्यात भिजलेला माल नको, कोरडा आणि गार आणा. चांगला निघाला तर सगळ्या हंगामाचा घेतो. नाही निघाला तर पुन्हा येऊ नका.

म्हणून बर्फ घेतला नाही. एप्रिलच्या सकाळी जाळ्यातले झिंगे थेट डब्यात गेले. स्टिअरिंगवर साळा, मध्ये मावशी नव्या पातळात, आणि खिडकीशी मी, डब्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायला. मी विणकराच्या घरचा. धागा तुटला तर मला कळतो, काट्यातलं काय कळणार? पण काटा खाली जायला लागला आणि मी भालदारासारखा त्याची वर्दी देऊ लागलो.

पहिलं पुनर्वसनाचं गाव आलं. धरणात बुडालेल्या गावांतली माणसं इथं वसली आहेत, आणि मावशीचं माहेरही बुडालेलंच. आपल्या बुडालेल्या जमिनीवरचे झिंगे थंड गाडीतून नागपूरला निघाले, ही बातमी आमच्याआधी पोचली होती. रस्त्यावर मांडव, डफ, गुलाल. गाडी थांबली ती देवळासमोरच, आणि देवासमोर इंजिन सुरू ठेवणं म्हणजे चपला घालून गाभाऱ्यात जाणं. एका म्हाताऱ्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि आपल्या खिशात टाकली.

साळ्यानं हात जोडून सांगितलं की गाडी पळाली तरच डबा गार होतो. म्हातारा गडगडाटी हसला. म्हणे, आमचा फ्रीज तर एका जागीच उभा राहते.

ओवाळणी झाली. नारळ फुटला. माझ्या कपाळावर एवढा गुलाल चोपडला की मला काटाच दिसेना. दिसला तेव्हा तो वर चढत होता.

पुढच्या गावानं पाहिलं की मागच्या गावानं ओवाळलं, मग ते कसं मागं राहील? तिथंही मांडव होता, आणि तिथंही किल्ली एका काकांच्या खिशात गेली. दोन थांब्यांमधली वाट इतकी आखूड की सायलेन्सर तापेपर्यंत पुढचा डफ ऐकू येई. मी प्रत्येक ठिकाणी भाषण करून बघितलं. विज्ञान सांगितलं, विनवण्या केल्या, एकदा खोटं पोट दुखवलं. त्यावर मला ओव्याचं पाणी मिळालं, आणि ते प्यायला खाली उतरवलं गेलं.

कोंढ्याला मात्र कहर झाला. तिथं मावशीची लेक दिलेली. बायकांनी मावशीला खाली उतरवून पाटावर बसवलं. पहिल्यांदा आपला माल घेऊन नागपूरला चालली म्हणून तिची ओटी भरायची होती. भरती ओटी सोडून बाई उठत नाही. मावशी पाटावरून माझ्याकडे बघत होती, मी काट्याकडे, आणि साळा दोघांकडेही बघायचं टाळत होता.

"भाऊजी, गाडी ढकलत न्या, पण हलवा जी," तो पुटपुटला.

"किल्ली कोणाजवळ हाय?"

"तेच इचारून राहिलो सगळ्यायले."

किल्ली शेवटी पूजेच्या ताटात सापडली, हळदीकुंकू लावलेली. भंडारा ओलांडून हमरस्त्याला लागलो तेव्हा गाडी खरोखर सुसाट पळाली, नळ्या गुरगुरल्या, काटा भराभर खाली उतरला. यंत्रात काडीचा दोष नव्हता. नागपूरला पोचलो तेव्हा डबा असा गार होता की झाकणावर दव आलं होतं. साळ्याचा चेहरा उजळला, माझाही.

व्यापाऱ्यानं झाकण उघडलं आणि एक पाऊल मागं सरला. त्यानं एक झिंगा उचलला, डोकं अलगद त्याच्या चिमटीत आलं. गार होता, पण कधीचाच गेलेला. माणूस भला होता, आवाज चढवला नाही. बॉनेटवरच्या माळा, काचेवरचा गुलाल, आमची रंगलेली कपाळं त्यानं एकेक करून पाहिली आणि हळूच विचारलं, रस्त्यात गाडी बंद पडली होती का?

साळा माझ्याकडे बघू लागला. मी बाहीनं कपाळावरचा गुलाल पुसू लागलो. मावशी पदरातले ओटीचे तांदूळ सांभाळत उभी होती, तिच्याच तोंडून निघून गेलं :

"गाडी नाही बंद पडली साहेब, लोकायनं लय माया केली, म्हणून नासले."