पत्रिका दिसावी म्हणून

“माझ्या मुलीचा फोटो इंटरनेटवर गेला कसा, एवढंच सांगा,” भास्करभाऊ म्हणाले. निर्मळहून स्कूटरवर आलेला माणूस, अजून बसलाही नव्हता. हातात कुठल्याशा मैत्री जमवणाऱ्या वेबसाइटची प्रिंट. तिच्यावर त्यांची अर्चना, साडीतली. खाली उंची, रास आणि घरचा फोन नंबर. दोन दिवस अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. मुलाकडच्यांनीही ते पाहिलं आणि साखरपुडा थांबवला.

माणिकपूरच्या ज्या वधू-वर सूचक केंद्रात अर्चनाचं नाव नोंदवलं होतं, तिथेच ते आले होते; तिथला कॉम्प्युटर माझ्याकडे मेंटेनन्सला होता. दोन हजार चार-पाच साल असेल. केंद्र चालवणारे चौधरी सर फार कडक. मुलीचा फोटो ऑफिसात बसूनच बघायचा, घरी न्यायचा नाही. त्यांनी थेट मलाच विचारलं, “कुणाला सीडी करून दिलीस का रे?”

माझं डोकंच फिरलं. “असली कामं मी करत नाही, सर.”

मशीन तपासायला घेतलं. आत एक चोरटा प्रोग्रॅम बसला होता आणि फाइल्स बाहेर पाठवत होता. सगळ्या मुलींच्या बायोडेटाचं फोल्डर गेलं होतं.

“पण आम्ही काही डाउनलोड केलंच नाही,” सर म्हणाले.

खरं होतं. वेबसाइट बघायचा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. त्यातच भोक असेल तर नुसतं पान उघडलं तरी पुरतं, घाण आपोआप आत शिरते. सर रोज एका साइटवर गुण जुळवायचे. ती कुणीतरी आधीच पोखरून ठेवली होती.

“मग अशी भोकं कुणी बुजवत नाही?” भास्करभाऊंनी विचारलं.

बुजवतात. ब्राउझर बनवणारे पॅच काढतात, अपडेट केलं की तो लागतो. या भोकाचा पॅच कधीच येऊन पडला होता. पण अपडेट बंद होतं.

ते मीच बंद केलं होतं. मागे एका अपडेटनंतर पत्रिकेच्या साइटवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायला लागले. तेव्हाचे मराठी फॉन्ट असलेच नाजूक. सर वैतागले, म्हणून मी अपडेट काढलं आणि पुढची सगळी बंद केली. वर त्याबद्दल चहाही प्यालो होतो.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण समोर तो बाप उभा. “भाऊ, चूक माझी आहे,” म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “हेच आगाशीला, मुलाच्या घरी येऊन सांगा. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही.”

पॅच लावायला वीस मिनिटं गेली. बाकीच्या मुलींच्या घरी फोन करायला तीन दिवस. शिव्या खाल्ल्या, खायलाच हव्या होत्या. चौथ्या दिवशी आगाशीला मुलाच्या आईसमोर बसलो.

“म्हणजे फोटो तिनं स्वतः टाकला नाही?”

“नाही.”

“ती हेच म्हणत होती,” बाई पुटपुटल्या. त्यांनी तिथूनच भास्करभाऊंना फोन लावला, साखरपुडा करू म्हणून.

अर्चनानं नकार दिला. वडिलांना म्हणाली, “माझं खरं मानायला त्यांना कॉम्प्युटरवाला लागला. अशा घरात मी जाणार नाही.”

मी आता कुणाच्याही सांगण्यावरून अपडेट बंद करत नाही. फॉन्ट गेला तर गेला.